सावेसाहेबांचा कोयता

युद्ध येणार म्हणून आखातातल्या अख्ख्या दम्माम शहरात लोक बाथटब घासूनपुसून पाण्याने भरून ठेवत होते, तेव्हा आमच्या डोक्यावर राहणाऱ्या सावेसाहेबांच्या टबात खजुरीच्या पानांच्या चटया भिजत होत्या. गुंडाळलेल्या, सुतळीने बांधलेल्या आणि वर दगड ठेवून बुडवलेल्या. माझा नवरा सुधीर त्यांना समजवायला वर गेला, की साहेब, उद्या पाणी तुटलं तर पिणार काय? सावेसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचा टब रिकामा आहे का? माझ्या दोन चटया बाहेर राहिल्यात."

सुधीर खाली आला तो कपाळाला हात लावूनच. मी म्हटलं, चटया मावतील आपल्या टबात, पण पाणी बदलायला त्यांनीच यायचं. ओल्या चटया चारच दिवसांत वास मारायला लागतात, हे मला तोवर चांगलं ठाऊक झालं होतं.

तुम्ही म्हणाल, चटया भिजवायच्या कशाला? तर कापायला.

हरिश्चंद्र सावे आमच्या कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात सीनियर इंजिनियर होते. उंच, सडपातळ, पंचावन्नच्या पुढचे, डोक्यावर केस कमी आणि डोक्यात मतं भरपूर. मूळचे केळव्याकडचे, केळीच्या वाडीत वाढलेले. बायको काही वर्षांपूर्वी गेलेली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन इंदूरला. कंपनीने भाड्याने घेतलेल्या इमारतीत आम्ही पहिल्या मजल्यावर, ते दुसऱ्या, आणि त्यांच्यावर गच्ची. त्या गच्चीवर रोज ऊन उतरलं की हा गृहस्थ पांढरा बनियन आणि घेरदार काळा लेंगा घालून, दोन्ही हातांत जपानी धाटणीची तलवार धरून उभा राहायचा. समोर रेती भरलेल्या डब्यात एक खुंटी, आणि खुंटीवर उभी केलेली ओल्या चटईची गुंडाळी. तिरका एकच घाव घालायचा. वरचा तुकडा अलगद घसरून पडला पाहिजे, उडता कामा नये, आणि खालचा जागचा हलता कामा नये. एवढंच. पण एवढंच त्यांना कित्येक वर्षांत एकदाही साधलं नव्हतं.

हे खूळ त्यांच्या डोक्यात भरवलं तानाबेसान नावाच्या जपानी इंजिनियरने. एका जपानी कंपनीने आमच्या प्लांटशेजारी समुद्राचं पाणी गोडं करायचं काम घेतलं होतं, त्या कामावर तो होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि दोघांचंही इंग्रजी बेताचं, त्यामुळे मैत्री फार घट्ट झाली. सावेवहिनी गेल्या त्या वर्षी सावेसाहेब ऑफिस सुटलं तरी घरी जायचं टाळायचे. कुणी काही विचारलं की फाइल उघडून बसायचे. तानाबेसानने काहीच विचारलं नाही. त्यांना आपल्या कॅम्पात नेलं, हातात लाकडी तलवार दिली आणि अंधार पडेपर्यंत नुसती वर-खाली करायला लावली. घरी येऊन बऱ्याच महिन्यांनी गाढ झोपलो, असं सावेसाहेब सांगायचे.

पुढे अडचण एकच आली, आणि ती थेट केळव्याहून आली होती. वाडीत वाढलेल्या पोराला कोयता चालवता येतोच. घड उतरवला की केळीचा खांब तोडायचा. उजवा हात, खांद्यातून जोर, खाडकन घाव, खांब आडवा. सावेसाहेबांचा घाव लहानपणी अख्ख्या आळीत नावाजलेला. आणि जपानी तलवारीचं शास्त्र नेमकं उलटं. कापतो तो डावा हात, उजवा फक्त वाट दाखवतो. मूठ आवळायची नाही, ओला टॉवेल पिळताना धरतो तशी धरायची. जोर लावायचा नाही, पात्याला त्याच्या वजनाने जाऊ द्यायचं आणि जाता जाता ओढून घ्यायचं. जोर लावला की पातं तिरपं होतं, मग चटई कापली जात नाही, फाटते.

सावेसाहेब घाव घालायचे. अर्धी चटई सुरेख कापली जायची, आणि ऐनवेळी लहानपणचा तो कोयता उजव्या खांद्यातून खाली उतरायचा. पातं चटईत रुतून बसायचं. तानाबेसान मान हलवून म्हणायचा, "सावेसान, नो बनाना."

तेव्हापासून चुकलं की सावेसाहेब स्वतःवरच ओरडायचे, "कोयता!" गच्चीवरून हा शब्द संध्याकाळी इतक्यांदा ऐकू यायचा, की तळमजल्यावरच्या केरळी कुटुंबाला ती आमच्याकडची प्रार्थना वाटायची. हळूहळू तो त्यांच्या बोलण्यातच शिरला. प्लांटवर कुणी व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त आवळला की कोयता. सुधीर एकदा बॉसशी तावातावाने भांडून आला, तर सावेसाहेब म्हणाले, "कोयता मारलात तुम्ही. मुद्दा बरोबर होता, पण ओढून घ्यायचा होता." आमची प्राची तेव्हा दुसरीत होती. पेन्सिल दाबून लिहायची आणि टोक मोडायची. तिलाही त्यांनी तेच सांगितलं. प्राचीने तो शब्द शाळेत नेला आणि महिनाभरात दम्मामच्या भारतीय शाळेतली तमिळ, पंजाबी, हैदराबादी पोरं एकमेकांना कोयता म्हणू लागली.

खरी जपानी तलवार तिकडून आणणं तानाबेसानलाही शक्य नव्हतं. म्हणून सावेसाहेब पुठ्ठ्याचा नमुना कापून हुफूफ गावच्या बाजारात एका म्हाताऱ्या लोहाराकडे गेले. त्याने बाक, एका बाजूची धार, पाठीलगतची खाच सगळं बिनतक्रार कबूल केलं. अडला तो मुठीपाशी. एवढी लांब मूठ कशाला? दोन हात मावायला. मग दुसरा हात काय करणार? सावेसाहेब म्हणाले, दुसराच कापणार. मग पहिला कशाला? ह्यावर सावेसाहेबांनी आपल्या मोडक्या अरबीत बरंच काही सांगितलं म्हणे. लोहाराने तलवार करून दिली, पण देताना घरी कुणी सांभाळायला आहे ना, अशा नजरेने त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाठीवरच्या खाचेमुळे एक मजा झाली. घाव सरळ गेला की पातं 'सुंई' असं बारीक वाजायचं. धार जराही तिरपी झाली की नुसता 'फुस्स'. कोयता झाला की नाही हे न बघताही कळायचं.

नव्वद साली शेजारच्या कुवेतवर हल्ला झाला आणि आमच्याकडे रस्तोरस्ती लष्कराच्या चौक्या बसल्या. अशा दिवसांत सावेसाहेबांना तलवारीला धार लावून आणायचं सुचलं, आणि सुधीर भिडेखातर त्यांना गाडीतून हुफूफला घेऊन गेला. येताना चौकीवर गाडी अडवली. सैनिकाने डिकी उघडून चटईत गुंडाळलेली तलवार बाहेर काढली. सुधीर सांगतो, त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढून इथे राहायचा परवाना म्हणजे इकामा, नोकरी, प्राची आणि मी असं सगळं सरकून गेलं. ह्या क्रमावरून मी त्याला अजून टोमणे मारते.

सैनिक कोवळा पोरगा होता. त्याने तलवार एका हातात घेतली, त्यांच्याकडे लग्नकार्यात नाचताना धरतात तशी ऐटीत फिरवली, हसला आणि परत देत म्हणाला, "खलास, यल्ला." सुटलो म्हणून सुधीरने गाडी सुरू केली, तर सावेसाहेब खाली उतरलेले. मागे गाड्यांची रांग लागलेली, हॉर्न वाजताहेत, आणि हा माणूस त्या सैनिकाचा डावा हात धरून मुठीच्या टोकाला नेऊन ठेवतोय. उजवा सैल सोड म्हणून दाखवतोय. सैनिकाच्या पाठीवर बंदूक. दाखवलं तसा त्या पोराने दोन्ही हातांनी घाव घातला आणि पातं पहिल्याच फटक्यात सुंई वाजलं.

दम्माम आलं तेव्हा सावेसाहेब एकदम म्हणाले, "त्याच्या घरी केळी नव्हत्या, म्हणून."

त्यांच्या ह्या विद्येत माझ्या विळीचाही वाटा आहे, आणि तो मी सोडणार नाही. ओट्याशी उभं राहून सुरीने चिरणं मला कधी जमलं नाही. नाशिकहून येताना मी साड्यांच्या घडीत विळी घालून आणली आणि स्वयंपाकघरात जमिनीवर मांडून बसते. शुक्रवारी सावेसाहेब आमच्याकडे जेवायला असत. एकदा मी तांबडा भोपळा चिरत होते, तर दारातून म्हणाले, "वहिनी, जरा थांबा. पुन्हा करा." मी पुन्हा केलं. ते समोर मांडी घालून बसले आणि भोपळा संपेपर्यंत उठले नाहीत. म्हणाले, तुम्ही दाबत नाही, सरकवता. आणि दोन्ही हातांनी. पुढच्या शुक्रवारी ते तानाबेसानलाच घेऊन आले. त्याने गुडघे मुडपून बसून मला कोबी चिरताना पाहिलं, आणि चिरून झाल्यावर विळीला वाकून नमस्कार केला. माझ्या सासूबाई ह्या विळीला कायम नावं ठेवायच्या. जपानने नमस्कार केला, हे मी त्यांना आवर्जून कळवलं.

विळीसमोर बसल्याचा उपयोग झाला. सावेसाहेबांचा घाव पाऊण चटईपर्यंत पोचला. उरलेली पाव कापायच्या आधीच जपानी कंपनीने आपली माणसं मायदेशी बोलावली. तानाबेसान दोन बॅगा घेऊन निघाला. विमानतळावर सावेसाहेबांचा डावा हात हातात घेऊन तो म्हणाला, परत येईन तेव्हा चटई तयार ठेवा. म्हणून त्या टबातल्या चटया. जग कुठे का जाईना, सावेसाहेब दर चार दिवसांनी पाणी बदलत होते.

इथून आमच्या इमारतीला गळती लागली. आधी बायका-मुलं गेली, मग पुरुषही रजा टाकून पळाले. जो तो जाताना आम्हाला शहाणपण शिकवून जायचा. पोरीचा तरी विचार करा, असं मला निदान दहा बायकांनी ऐकवलं. सुधीरला रजा मिळत नव्हती आणि त्याला मागे ठेवून आम्ही जायचं असं त्याचं म्हणणं होतं. मी सांगितलं, जायचं तर तिघं, राहायचं तर तिघं. नाशिकला बसून रेडिओला कान लावून रोज अर्धी अर्धी मरण्यापेक्षा इथे पोळ्या लाटलेल्या बऱ्या. मला कुणी शूर म्हणू नये. मी हट्टी आहे, आणि हट्ट ही शौर्यापेक्षा टिकाऊ गोष्ट आहे.

सावेसाहेबांचं प्रकरण वेगळं होतं. पंचावन्नच्या पुढच्यांना कंपनी मानाने घरी पाठवत होती. पण ती फायनल एक्झिट. एकदा तो शिक्का बसला की त्या वयाच्या माणसाला पुन्हा इकामा नाही, म्हणजे हा देश कायमचा बंद. पर्सोनेल मॅनेजरने त्यांना बोलावून घेतलं, खुर्ची दिली, चहा दिला आणि मुलीकडे सुखाने राहा म्हणून सांगितलं. सावेसाहेबांनी चहा संपवला आणि म्हणाले, "घाव सुरू केला की मध्ये सोडायचा नसतो." मॅनेजर गोव्याचा होता, त्याला ह्यातलं काहीही कळलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. सावेसाहेबांनी पुन्हा तेच सांगितलं. शेवटी त्याने हात टेकले आणि मार्चपर्यंत राहा म्हणाला.

मी त्यांना एकदा सरळ विचारलं, की मुलगी एवढी बोलावते, तर जात का नाही? म्हणाले, "इंदूरला मी पाहुणा. जावयाच्या सोफ्यावर बसून पेपर वाचायचा, आणि जेवायला हाक मारतील तेव्हा उठायचं. इथे निदान माझा टब आहे." केळव्याचं घर भावांच्या वाटणीत गेलं होतं. हे त्यांनी हसत हसत सांगितलं, आणि मीही हसले, कारण टबाचं वाक्य खरंच हसण्यासारखं होतं.

जानेवारीत कंपनीने उरलेल्यांना हॉलमध्ये जमवून गॅसचे मास्क वाटले. एक खोली निवडा, दारं-खिडक्यांना प्लॅस्टिक लावा, फटींवर रुंद चिकटपट्टी मारा, सायरन झाला की आत जाऊन शेवटची फट आतून बंद करा आणि ऑल क्लिअर होईपर्यंत मास्क काढू नका. आमची सगळ्यांची पाचावर धारण बसलेली. मागच्या रांगेतून सावेसाहेब उठले आणि विचारलं, हा घालून मान पुरती वळते का? सेफ्टी ऑफिसर म्हणाला, मान वळवायची गरजच काय. सावेसाहेब म्हणाले, मग मला नको. लोक हसले. पण मास्क आणि चिकटपट्टीचं रीळ त्यांच्या हातात कोंबून पाठवलंच.

आमची इमारत विमानतळाच्या जवळ, तिथे गच्चीवर तलवार फिरवणारी आकृती दिसणं बरं नाही, म्हणून घरमालकाने गच्चीला कुलूप ठोकलं. सावेसाहेबांनी हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला आणि घरातच हवेत घाव घालायला सुरुवात केली. आमच्याकडे एसी मध्यवर्ती होता आणि थंडीत बंद असायचा, त्यामुळे त्याच्या पत्र्याच्या नळीतून वरचा आवाज थेट प्राचीच्या खोलीत उतरायचा. सुंई. सुंई. फुस्स. कोयता! प्राची झोपताना ते ऐकत पडायची. आज चांगले होते, आज वाईट होते, असा निकाल सकाळी दुधाबरोबर द्यायची.

आणि आम्ही बंद करायची म्हणून निवडलेली खोली नेमकी तीच होती. सुधीरने खिडकी बंद केली, दाराला प्लॅस्टिक लावलं, आणि स्टुलावर चढून एसीच्या जाळीवर प्लॅस्टिक धरलं तर प्राचीने रडून घर डोक्यावर घेतलं. "पप्पा, सावेअंकल को बंद मत करो." किती समजावलं, गॅस नळीतूनच येतो म्हणून भीती घातली, पण ऐकेना. शेवटी तीन बाजू चिकटवून एक मोकळी ठेवली. सायरन झाला की ती मी बंद करायची असं ठरलं.

युद्ध सुरू झालं. पहिले काही सायरन आले तेव्हा सुधीर घरी होता, आम्ही तिघं एकमेकांना धरून बसलो आणि काय ऐकलं, काय नाही, मला आठवत नाही. मग त्याला प्लांटवर मुक्कामाची ड्युटी लागली. त्या संध्याकाळी मी कणीक तिंबत होते आणि सायरन झाला. कणकेच्या हातांनीच मी प्राचीला खोलीत ओढलं, मास्क चढवले, दाराला पट्टी मारली आणि स्टुलावर चढले. जाळीशी हात नेला आणि थांबले. वर सराव चालू होता.

लोक म्हणायचे ते खरं होतं. सायरन झाला तरी सावेसाहेब तलवार खाली ठेवत नाहीत, ही गोष्ट आमच्या कंपनीत दंतकथा झाली होती. जे घरी गेले नव्हते ते तिच्यावर आपली छाती फुगवायचे. बघा, आमच्यात असे लोक आहेत! मीसुद्धा फोनवर कुणाकुणाला सांगितलं होतं. पण त्या संध्याकाळी कान जाळीला लागलेले असताना मला जे ऐकू आलं त्यात एकही सुंई नव्हती. फुस्स. कोयता. फुस्स. कोयता. आणि तो शब्दही ते नेहमीसारखा ओरडत नव्हते, पुटपुटत होते. पायांचा आवाज एका जागी नव्हता. माणूस घाबरला की मूठ आवळतो, आणि मूठ आवळली की धार तिरपी होते, हे त्यांनीच मला शंभरदा सांगितलं होतं.

खालून प्राची मास्कमधून घुमत्या आवाजात म्हणाली, "मम्मी, आज सब कोयता है."

मला राग आला. कशाचा ते सांगता येत नाही. त्या सायरनचा, एकमेकांशी लढणाऱ्या त्या सरकारांचा, आणि वर एकटाच हवा कापत असलेल्या त्या माणसाचा. मी स्टुलावरून उतरले, दाराची पट्टी टराटरा फाडली, प्राचीचा हात धरला आणि जिना चढून गेले. सेफ्टी ऑफिसरने पाहिलं असतं तर तिथेच झीट येऊन पडला असता. सोंडवाले मास्क लावलेल्या, कणीक माखलेल्या हातांच्या आम्ही दोघी मायलेकी त्यांचं दार बडवत होतो.

दार उघडलं. सावेसाहेब घामाने निथळत होते, तलवार डाव्या हातात. मास्क टेबलावर होता. आणि मी आजूबाजूला पाहिलं तर त्या घरात एकाही खिडकीला प्लॅस्टिक नव्हतं. चिकटपट्टीचं रीळ मास्कशेजारी तसंच्या तसं, वरचा कागदही न फाडलेलं.

मी मास्क वर सरकवून त्यांना वाटेल ते बोलले. वयाने वडील माणूस, पण मी बोलले. हा पराक्रम कुणाला दाखवताय, उद्या काही झालं तर इंदूरला कोण कळवणार, असलं बरंच. त्यांनी आधी नेहमीचं सुरू केलं, की वहिनी, मान वळत नाही त्यात, घाव अर्धा सोडून कसं चालेल. मी म्हटलं, कुठला घाव? खाली सगळं ऐकू येतंय.

ते तलवार म्यानात घालायला गेले तर टोक दोनदा बाहेरच गेलं. मग रिळाकडे बघत म्हणाले, "पहिल्या दिवशी बसलो होतो मी. ती आतली खोली, पट्टी हातात घेऊन. वहिनी, आतून सगळं बंद केलं आणि मलाच काही झालं, तर बाहेरून दार उघडणार कोण?"

ह्या माणसाला आम्ही सगळ्यांनी मिळून शूर ठरवून टाकलं होतं, आणि हा रोज संध्याकाळी त्या एका बंद खोलीत एकट्याने बसायला लागू नये म्हणून उभा राहत होता. प्राचीने टेबलावरचा मास्क उचलून त्यांच्या हातात दिला. मी रीळ घेतलं आणि म्हटलं, "चला खाली. कणीक वाळतेय."

तलवार आणू का, असं त्यांनी विचारलं. आणा म्हटलं.

आम्ही तिघं प्राचीच्या खोलीत शिरलो. मी दाराला नवी पट्टी मारली. ती मारताना सावेसाहेब भिंतीकडे तोंड करून उभे होते. मग मी स्टुलावर चढून जाळीपाशी थांबले आणि प्राचीकडे पाहिलं. ती म्हणाली, "अब बंद कर दो. अंकल अंदर है." मी चौथी बाजू चिकटवली. लांब कुठेतरी एक मोठा आवाज झाला, खिडकीच्या काचा थरथरल्या आणि प्लॅस्टिक फुगून पुन्हा बसलं. प्राची सावेसाहेबांच्या लेंग्याचा घेर धरून बसली होती. तिला मास्कची मागची पट्टी टोचत होती, ती त्यांनी सैल करून दिली. मास्क लावल्यावर मान पुरती वळते, हे मी मुद्दाम वळवून त्यांना दाखवलं. ते हसले असावेत, कारण त्यांच्या मास्कची काच धुरकट झाली.

ऑल क्लिअर झाला तशी मी दाराची पट्टी ओढायला उठले. सावेसाहेबांनी मास्क काढला आणि म्हणाले, "थांबा वहिनी. मी काढतो."

ते दारासमोर गुडघे मुडपून बसले, तानाबेसान विळीसमोर बसला होता तसे. नखाने पट्टीचं टोक सोडवलं. उजव्या हाताचा पंजा दारावर नुसता टेकवला आणि डाव्या हाताने ती पट्टी ओढायला लागले. घाई नाही, हिसका नाही. बसल्याचे उभे राहिले तरी हात थांबला नाही. चौकटीच्या ह्या बाजूने वर, मग आडवी, मग त्या बाजूने खाली अशी ती अख्खी पट्टी एका सलग ओढीत सुटून आली. मी मघाशी फाडली तिथे दाराच्या रंगाचे टवके उडाले होते. त्यांनी काढली तिथे रेघसुद्धा उमटली नाही.

प्राचीने जवळ जाऊन चौकट तपासली आणि निकाल दिला. "नो कोयता, अंकल."

सावेसाहेबांनी दार उघडून पाहिलं. बाहेर आमचा हॉल होता तसाच होता, पलीकडे स्वयंपाकघरात शेगडीशेजारी परातीत कणीक होती. ते परत वळले, पट्टीची नीट गुंडाळी केली आणि ती हातात खेळवत मला म्हणाले, "वहिनी, उद्या सायरन वाजल्यावर येऊ, की आधीच येऊन बसू?"

मी म्हटलं, चहाच्या वेळेलाच या, आणि कणकेला लागले.